टक्केवारी लोकांमधल्या फरकाची असते, आपल्या पोराची नसते

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘जुळ्यांवरच्या संशोधनाने सिद्ध झालंय की मुलाचा निम्मा स्वभाव जन्मतःच ठरतो, तो बदलत नाही. घरच्या वळणाचा वाटा शून्य. म्हणून बोटांच्या ठशांची चाचणी करा आणि मुलाचा स्वभाव आधीच ओळखा.’ मी वाचून सोडून दिला असता. पण परवा सांगलीत विश्रामबागेत वहिनींकडे गेले, तर माझ्या सहा वर्षांच्या भाच्याबद्दल त्या म्हणाल्या, “आजोबांवर गेलाय, तापट. रक्तातच आहे, समजावून काय उपयोग?” रोज संध्याकाळी त्याला आमराई बागेत खेळायला न्यायच्या, तेही बंद केलंय. माझा संताप झाला.

निम्म्याचा आकडा हवेतला नाही, हे मान्य करावं लागेल. २०१५ साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये पोल्डरमन आणि सहकाऱ्यांनी जुळ्यांवरचे २,७४८ शोधनिबंध एकत्र तपासले. त्यात आनुवंशिकतेची सरासरी ४९ टक्के निघाली. पण ती १७,८०४ गुणधर्मांची सरासरी आहे, त्यात शरीराचे मोजमाप आणि आजारही आले. आणि ते टक्के लोकांमधल्या फरकाचे आहेत, एका पोराच्या स्वभावाचे नव्हेत.

ज्वारीचं सरमिसळ बियाणं कृष्णाकाठच्या काळ्या रानात पेरा. माती सारखी, पाणी सारखं, मग ताटाताटांत जो फरक दिसेल तो बियाण्याचा. तेच बी जतच्या कोरड्या माळावर टाका, तिथेही आपसातला फरक बियाण्याचाच. पण दोन्ही रानांतल्या ताटांच्या उंचीत जे अंतर पडेल ते माती-पाण्याचं. आता यातलं एक ताट उपटून ‘याची निम्मी उंची बियाण्याची’ असं कोणी म्हणेल का? वहिनी नेमकं तेच करतायत. आणि ‘बदलत नाही’ हे तर त्या आकड्यात कुठेच नाही. माणसाची उंची स्वभावापेक्षा कितीतरी जास्त आनुवंशिक, तरी खाणं सुधारलं तशा कित्येक देशांत पिढ्या उंच झाल्या.

सगळ्यात घातक ते ‘घरचा वाटा शून्य’. या अभ्यासांत घराचा वाटा म्हणून जे मोजतात, ते भावंडांना एकसारखं करणारं तेवढंच. बाप ओरडतो, त्याने थोरला भेदरतो आणि धाकटा उलट उत्तर देतो. दोघांवरही बापाचाच परिणाम, पण हिशोबात तो ‘घरा’च्या खात्यावर पडत नाही, ‘ज्याच्या-त्याच्या वेगळ्या अनुभवा’च्या खात्यावर जातो. त्या खात्यावर पुष्कळ शिल्लक निघते. शून्य वाचून आईबापांनी हात टेकायचे, हे कुठलं शास्त्र?

शिवाय लहान मुलांचा स्वभाव बहुतेक वेळा आईबापांनाच विचारून नोंदवतात. द्वियुग्मजी, म्हणजे दोन वेगळ्या बीजांडांतून झालेल्या जुळ्यांची सरासरी निम्मी जनुकं सामाईक असतात, म्हणजे स्वभावात थोडंफार तरी साम्य हवं. पण आईला विचारलं की ‘हा शांत, तो वांड’ असंच उत्तर येतं, कारण ती दोघांची एकमेकांशी तुलना करते. मग त्यांचं साम्य कागदावर नाहीसं होतं. आनुवंशिकता काढतात ती एकयुग्मजी, म्हणजे एकाच बीजांडातून झालेली जुळी यांच्यापेक्षा किती जास्त सारखी निघतात यावरून, म्हणून ती फुगते. चळवळेपणाच्या नोंदींत हे संशोधकांनीच दाखवून दिलंय.

जन्मानंतर चार आठवड्यांनी ताटातूट होऊन ३९व्या वर्षी भेटलेल्या अमेरिकेतल्या जुळ्या भावांची गोष्टही मेसेजमध्ये आहेच. दोघांचंही नाव जिम. दोघांच्या पहिल्या बायका लिंडा, दुसऱ्या बेट्टी. बायकोचं नाव काय असणार हे जनुकांत लिहिलेलं नसतं. पुढे जाऊ.

ठशांच्या चाचणीसाठी वहिनी पैसे भरायला निघाल्या होत्या. एकयुग्मजी जुळ्यांची जनुकं जवळपास तंतोतंत एक, तरी बोटांचे ठसे वेगळे, कारण ते आईच्या पोटात वाढताना घडतात. जुळ्यांचा दाखला देऊन ठसे विकणाऱ्याला एवढंही ठाऊक नसावं?

वहिनी, ते पैसे भरू नका. आणि उद्या संध्याकाळी पाच वाजता मी येते, त्याला घेऊन आपण तिघं आमराईत जाऊ.