सौरॉन काहीच करत नाही?

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या सौरॉनबद्दल एक मत पुन्हा पुन्हा पुढे पाठवलं जातं. हा कसला खलनायक, मनोऱ्यावरचा जळता डोळा. अख्ख्या कथेत स्वतः काही करत नाही. गोष्टीतल्या राक्षसाने पोपटात जीव ठेवावा तशी सगळी ताकद अंगठीत ठेवून बसला. आणि ज्या डोंगरात ती वितळू शकते तिथे साधा पहारासुद्धा नाही. ही कादंबरी मी कितीतरी वेळा वाचली आहे आणि यातलं जवळपास काहीच मला मान्य नाही.

डोळ्याचं आधी मिटवू. मनोऱ्यावरचा तो आगीचा गोळा २००१ ते २००३ मधल्या चित्रपटांचा. टॉल्किनच्या कादंबरीत (१९५४-५५) डोळा ही त्याची खूण आहे, त्याची शोधणारी नजर आहे, पण त्याला देहही आहे. सौरॉनच्या मॉर्डोर या मुलखात छळ सोसून आलेला, एके काळी अंगठी बाळगलेला गॉलम सांगतो की त्या काळ्या हाताला चारच बोटं आहेत, पण तेवढी पुरेशी आहेत. पाचवं बोट पूर्वीच्या युद्धात इसिल्डूर या राजपुत्राने अंगठीसकट कापून नेलेलं.

पोपटाची उपमा पहिल्यांदा ऐकताना चपखल वाटते, मलाही वाटली होती. पण राक्षस जीव सात समुद्रांपलीकडे ठेवतो तो लपवायला. सौरॉनने अंगठी घडवली ती वापरायला. एल्फ या अमर जमातीच्या कारागिरांकडे तो देखणं रूप आणि 'अन्नातार' हे नाव घेऊन गेला, विद्या शिकवली, त्यांच्याकडून अंगठ्या करवून घेतल्या आणि त्या सगळ्यांना ताब्यात ठेवणारी एक स्वतःसाठी गुपचूप घडवली. इतक्या मनांवर हुकूमत चालवायची तर स्वतःतलं बरंच काही तिच्यात ओतणं भाग होतं. टॉल्किनने एका पत्रात स्पष्ट लिहिलंय की ती बोटात असताना त्याचं बळ वाढायचं. बोटात नसली तरी, दुसऱ्या कोणी तिच्यावर मालकी सांगेपर्यंत, ते कमी होत नव्हतं. शिवाय ही हुकूमत सगळ्यांवर सारखी चाललीही नाही. नऊ माणसं पुरती गुलाम झाली, तेच नाझगूल. बुटके, म्हणजे ड्वार्फ, वाकले नाहीत, त्यांचा सोन्याचा हव्यास तेवढा वाढला. एल्फांनी तर त्याचा डाव कळताच अंगठ्या काढून ठेवल्या.

'काही करत नाही' याचा तर मला रागच येतो. न्यूमेनॉर या माणसांच्या बलाढ्य बेट-राज्याचं प्रकरण पाहा. त्यांचं आरमार आलं तेव्हा सौरॉनचे स्वतःचे सैनिक पळून गेले. टॉल्किनच्या कालगणनेतल्या दुसऱ्या युगाच्या ३२६२ साली तो कैदी म्हणून त्या बेटावर गेला. राजाला मरणाची भीती होती, ती त्याने ओळखली आणि तिलाच खतपाणी घातलं. कैद्याचा सल्लागार झाला, आणि ३३१९ मध्ये ते अख्खं बेट समुद्राच्या तळाशी गेलं. ते बुडवायला त्याला फौज लागली नाही.

त्यानंतर हजारो वर्षांनी, अंगठी वितळवायला निघालेल्या फ्रोडोच्या काळातली त्याची सत्ता कशी चालते, ते त्याच्या फौजेतल्या दोन ऑर्कांच्या भांडणात दिसतं. फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम मॉर्डोरमध्ये झुडपामागे लपलेले असताना एक माग काढणारा आणि एक शिपाई तिथे येतात. माग काढणारा काम सोडून निघतो. शिपाई धमकावतो, तुझं नाव आणि नंबर नाझगूलला कळवीन. हे म्हणताना त्याचा स्वतःचाच आवाज खाली येतो. पुढच्याच क्षणी पहिला त्याच्या डोळ्यात बाण मारून पसार होतो. म्हणजे ऑर्कांनाही नंबर आहेत, चहाड्या आहेत, वरच्यांची धास्ती आहे. एवढ्या फौजेला खायला कुठून येतं, याचंही उत्तर टॉल्किन देतो: दक्षिणेला नुर्नेन तळ्याकाठी गुलाम शेतं कसतात. मला तर हे त्या डोळ्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटतं.

राहिला पहारा. अंगठी हाती आलेला माणूस ती वितळवायला निघेल, हे सौरॉनच्या डोक्यातच येत नाही. सत्तेची हाव सोडून दुसरं माप त्याच्याकडे नाही. फ्रोडोच्या बाजूचा राजवारस ॲरागॉर्न मूठभर सैन्य घेऊन मॉर्डोरच्या काळ्या दरवाजावर आला, तेव्हा अंगठी त्याच्याकडेच असणार असं समजून त्याने सगळं लक्ष तिकडे लावलं. यात त्याची चूक झाली खरी. पण माणसाच्या मनाचा त्याचा अंदाज किती जवळचा होता तेही बघा: त्या डोंगरातल्या कड्यावर उभ्या फ्रोडोने अंगठी टाकली नाही, माझी म्हणून बोटात घातली.

आणि त्याच क्षणी सौरॉनला सगळं कळलं. त्याचं मन युद्धावरून निघून त्या डोंगराकडे धावलं. काळ्या दरवाजाजवळ त्याच्या फौजा जागच्या जागी थबकल्या, सरदारांना काही सुचेना. अंगठी तेव्हा अजून शाबूत होती, फ्रोडोच्या बोटात.