स्टॅनफर्डच्या आर्थिक मदतीविषयी खुलासा

‘स्टॅनफर्डला अर्ज करताना आर्थिक मदत मागू नका, प्रवेश मिळाल्यावर मागा’ हा संदेश विलेपार्ल्यातील पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरत असून परवा तो मीही पुढे पाठवला होता. विद्यापीठाचे नियम स्वतः वाचल्यावर तो सल्ला घातक असल्याचे लक्षात आले. पदवीसाठी परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितल्यास निवडीच्या वेळी ती बाब विचारात घेतली जाते, हे खरे आहे. परंतु अर्जातील ‘आर्थिक मदत हवी आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढे चारही वर्षे मदतीसाठी अर्जच करता येत नाही. मदत मागून निवड झालेल्यांची सिद्ध झालेली संपूर्ण आर्थिक गरज मात्र विद्यापीठ भागवते. ज्यांना तिथल्या शिक्षणाचा खर्च झेपणारा नाही, त्यांनी मदत सुरुवातीलाच मागावी. जुना संदेश कृपया पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाकावा.