नाव पुसलं म्हणजे ओळख पुसली असं नाही

‘स्कॅनवरचं नाव आणि नोंदणी क्रमांक काढला की तो संशोधनासाठी निर्धास्त देता येतो’, असं लेखात म्हटलंय. इतकं सोपं नाही हो. मी बारा वर्षं रेडिओलॉजीत तंत्रज्ञ आहे. स्कॅन ज्या डायकॉम नावाच्या फाईलमध्ये साठवतात, तिच्या हेडरमधलं, म्हणजे चित्रासोबतच्या माहितीतलं नाव एका क्लिकमध्ये जातं, पण सोनोग्राफीत ते बरेचदा चित्रातच उमटलेलं असतं. आमच्याकडून एकदा असा अख्खा संच बाहेर जाताजाता राहिला. कोपऱ्यात पेशंटचं नाव ठळक दिसत होतं.

डोक्याच्या एमआरआयचं तर विचारूच नका. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ८४ स्वयंसेवकांच्या स्कॅनमधून चेहरे उभे केले आणि चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने त्यातले ७० जण फोटोंशी बरोबर जुळवले. म्हणून आधी चेहऱ्याचा भाग पुसावा लागतो, आणि त्याचा लेखात उल्लेखही नाही. डेटा देऊच नये असं मी म्हणत नाही. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने २०१७ मध्ये छातीचे लाखावर एक्स-रे खुले केले, त्यावर केवढं काम झालं! पण सही घेताना पेशंटला यातलं काय सांगतो आपण? आमच्याकडे तर संमतीपत्र गाऊन हातात देतानाच पुढे सरकवतात.