६४ टक्के सायकॉलॉजी खोटी? आकडा खरा, पण निष्कर्ष नाही

एक मेसेज सध्या जाम फिरतोय. सारांश असा, की मानसशास्त्राचे १०० अभ्यास पुन्हा करून बघितले तर ६४ खोटे निघाले, केस स्टडी म्हणजे एका माणसाची गोष्ट, सर्व्हेत लोक थापा मारतात, लॅबमधलं बाहेर चालत नाही (पुरावा म्हणून स्टॅनफर्डचा जेलवाला प्रयोग, ज्यात पोरांना खोट्या जेलमध्ये गार्ड आणि कैदी बनवलं होतं), म्हणून सायकॉलॉजी हे सायन्सच नाही. प्रत्येक मुद्दा अर्धा बरोबर आहे, म्हणून तर लोकांना पटतोय.

आधी तो आकडा. २०१५ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रायन नोसेक आणि बऱ्याच संशोधकांनी मिळून हे १०० अभ्यास पुन्हा केले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत रिझल्ट 'सिग्निफिकंट' (म्हणजे नुसत्या योगायोगाने येणं कठीण असा) होता, पुन्हा केल्यावर फक्त ३६ टक्क्यांत आला. वाईट आहे, झाकायचं कारण नाही. पण एकदा पुन्हा करून रिझल्ट आला नाही म्हणजे तो खोटा ठरला असं होत नाही हो, मूळ निकाल योगायोगाने आलेला असू शकतो, किंवा इफेक्ट खराच पण बारीक असतो आणि सॅम्पल (तपासलेल्या माणसांची संख्या) कमी पडतं, आणि एका फेरीत यातलं नक्की काय झालं ते कळत नाही. शिवाय कॉग्निटिव्ह (विचार, स्मृती वगैरे) शाखेतले साधारण निम्मे टिकले, सोशल (लोकांचं एकमेकांशी वागणं) शाखेतले जेमतेम पाव, म्हणजे अख्ख्या विषयाला एकच मार्क देता येत नाही. २०१२ मध्ये एका औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कॅन्सरवरचे ५३ गाजलेले अभ्यास तपासले, ६ टिकले. तेव्हा कॅन्सर बायोलॉजी सायन्स नाही असा मेसेज फिरला का? आणि सायकॉलॉजीतली ही चूक पकडली कोणी, तर सायकॉलॉजीवाल्यांनीच. आता बरेच जण डेटा गोळा करायच्या आधीच आपला अंदाज आणि अॅनालिसिस नोंदवून ठेवतात, म्हणजे नंतर सोयीचा रिझल्ट निवडायची पळवाट कमी होते.

केस स्टडीबद्दल तर मेसेजवाल्याने फारच घाई केलीय. हेन्री मोलेसनच्या मेंदूचं १९५३ मध्ये फिट्ससाठी ऑपरेशन झालं आणि नवीन आठवणी साठवणंच बंद झालं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नरने त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. आपण हे आधी केलंय हे त्याला आठवायचं नाही, पण हात मात्र दिवसागणिक सुधारत गेला! म्हणजे कौशल्याची स्मृती वेगळी, घटनांची वेगळी. आता हे शोधायला मुद्दाम कोणाचा मेंदू कापणार का? मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने तर १८८५ चा विसरण्याचा आलेख (पाठ केलेलं किती वेगाने विसरतं ते) एकट्या स्वतःवर प्रयोग करून काढला आणि तो २०१५ मध्ये पुन्हा करून बघितल्यावरही जुळला. अर्थात एका माणसावरून 'सगळ्यांचं असंच' म्हणता येत नाही, ते मान्य.

सर्व्हेत लोक स्वतःला बरं दाखवतात, खरंय. पण भीती किंवा एकटेपणा न विचारता कसा कळणार? नाव न घेता विचारणं, दिवसभरात फोनवरून अधूनमधून विचारणं, उत्तरं वागण्याशी ताडून बघणं, हे उपाय लोक करतातच. आणि नुसतं निरीक्षण करूनही मोठे दावे खाली येतात. मार्शमॅलो (एक गोड खाऊ) समोर ठेवला तरी तो लगेच न खाता थांबू शकणारी मुलं पुढे यशस्वी होतात, हे ऐकलंच असेल. २०१८ मध्ये ९०० हून जास्त मुलांचा डेटा बघितला तर घरची परिस्थिती वगैरे हिशेबात घेतल्यावर तो संबंध फारच फिका पडला.

स्टॅनफर्डचं उदाहरण तर उलट अंगावर येतं. १९७१ च्या त्या प्रकाराला कंट्रोल ग्रुपच (तुलनेसाठीचा गट) नव्हता, प्रयोग करणारा झिंबार्डो स्वतः जेलचा सुपरिंटेंडंट होऊन बसला होता, आणि गार्ड्सना कसं वागायचं याच्या सूचना मिळाल्या होत्या. हा प्रयोग फसला, पण त्याने प्रयोग ही पद्धत फसली असं कुठे झालं? १९३५ चा स्ट्रूप टेस्टवाला इफेक्ट (लाल शाईत 'निळा' लिहिलेलं असलं की रंग सांगताना अडखळायला होतं) कुठल्याही लॅबमध्ये घ्या, येतोच.

खरी मोठी कमजोरी मेसेजमध्ये आलीच नाही. अभ्यासात भाग घेणारे बहुतेक पाश्चात्त्य देशांतले, त्यातही कॉलेजची पोरं. २०१० मध्ये हेनरिक आणि सहकाऱ्यांनी यावर मोठा लेख लिहिला, त्यात बाणांच्या टोकांमुळे सारख्या रेघा लहानमोठ्या दिसतात त्या भ्रमाचं उदाहरण आहे. अमेरिकन लोक त्यात चांगलेच फसतात, आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातल्या सान लोकांवर त्याचा जवळजवळ परिणामच होत नाही. साध्या रेघांचं हे, मग लाज, राग, आत्मविश्वास यांच्याबद्दलचे 'माणूस असा असतो' छापाचे दावे किती जणांवर तपासलेत ते विचारा की.