ज्वारीची भाकरी म्हणजे 'लो कार्ब' नव्हे

सोलापुरातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : 'कार्ब सायकलिंग करा. तीन दिवस चपाती-भात बंद, फक्त ज्वारीची भाकरी. चौथ्या दिवशी मनसोक्त खा. भाकरीत कार्ब नसतात, आठवड्यात चार किलो उतरतील.' (कार्ब म्हणजे कर्बोदकं; कार्ब सायकलिंग म्हणजे ती काही दिवस कमी, काही दिवस जास्त खाणं.)

भाकरीत कार्ब नसतात हे साफ चूक. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे गव्हाच्या जवळपास तेवढीच. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी घेतली म्हणून हिशेब बदलत नाही. कडक भाकरीतलं तर पाणीच उडालेलं असतं, त्यामुळे वजनाला वजन लावलं तर मऊ भाकरीपेक्षा तिच्यात कार्ब जास्तच. कागदासारखी पातळ, आमटीत कुस्करली की किती पोटात गेल्या कळतही नाही. ज्वारी चांगलीच आहे, पण ती या कारणासाठी नाही. सोबतची शेंगाचटणी कार्बला कमी खरी, पण १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात!

आता ते चार किलो. कार्ब कमी केले की शरीरातला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या कर्बोदकांचा) साठा उतरतो आणि एका ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणीही जातं. काटा खाली येतो तो बराचसा यामुळे. चौथ्या दिवशी 'मनसोक्त' जेवलात की पाणी परत हजर. चरबी घटते ती आठवड्याच्या एकूण कॅलरी कमी पडल्या तरच. कार्ब सायकलिंगच्या मूळ पद्धतीतही जास्त कार्बचा दिवस मोकाट सोडलेला नसतो, तो जड व्यायामाच्या दिवशी मापून ठेवतात.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नका. डोस तोच ठेवून कार्ब तोडले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.