कॅमेरा ‘अचानक’ गेला नाही

मी लग्नाचे फोटो काढतो. मारबतीच्या दिवशी माझ्या कॅमेऱ्याचं शटर, म्हणजे आत प्रकाश सोडणारे पडदे, गेलं. भेटेल तो फोटोग्राफर विचारतो, "अचानक गेलं का?" आठवडाभर मीही हो म्हणत होतो. आता म्हणणार नाही.

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो. तान्ह्या पोळ्याला आमच्याकडे मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी दोघींची गाठ पडते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. सोबत बडगे असतात, लोकांना ज्याचा राग आहे त्याचे पुतळे. मिरवणूक संपली की सगळं जाळून टाकतात. म्हणजे त्या दिवशी फोटो काढायचा राहिला तर तो कायमचा राहिला.

आमच्या गल्लीतल्या पोरांनी यंदा रस्त्यांवरच्या खड्ड्यांचा बडग्या केला होता. बांबूचा सांगाडा, पोत्याचं अंग, कागदी प्लेटांचे डोळे. पंधरा दिवस शाळेतून आल्यावर पोरं तेच करत होती. फोटो मी काढून देईन असा शब्द दिला होता.

पिवळी मारबत वळणावर दिसली आणि मी बटण दाबलं. नेहमीच्या ‘खटक’ऐवजी ‘खर्रक’ असा आवाज आला, फ्रेम अर्धी काळी आणि स्क्रीनवर एरर. बॅटरी काढून लावली, पुन्हा तेच. लेन्स काढून पाहिलं तर आरसा वरच अडकलेला आणि मागे शटरचं एक काळं पातं तिरकं होऊन बसलेलं. इतकं पातळ असतं ते, की बोटाचा नुसता स्पर्श झाला तरी वाकावं. हात थरथरत होते माझे.

खरं सांगायचं तर शटरने दोन महिने आधीच सांगितलं होतं. एका बारशाला गॅलरीत, उन्हात काढलेल्या फोटोंत एका बाजूला फिकट काळपट पट्टा आला होता. मी म्हटलं, सावली असेल. हॉलमधले फोटो स्वच्छ होते ना! पण ते स्वच्छच येणार. फ्लॅशवर आपण १/१२५ सेकंदाला काम करतो, तेव्हा शटर पूर्ण उघडतं. १/४००० ला दोन पडद्यांमधून फक्त एक फट सरकत जाते, आणि एक पडदा जरा रेंगाळला की पट्टा पडतो. शटर थकलंय हे आधी उन्हात कळतं, आणि आपण लग्नवाले सीझनभर हॉलमध्ये असतो.

हिशोबही साधा होता. एका लग्नात ३,००० क्लिक, वर्षाला चाळीस लग्नं, म्हणजे १,२०,०००. मधल्या किमतीच्या बॉडीचं, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याचं, शटर कंपन्या दीड-दोन लाख क्लिकचं सांगतात. माझा कॅमेरा तिसऱ्या वर्षात होता. गाडीचं ऑइल किलोमीटर बघून बदलणारा माणूस मी, आणि शटर काउंट, म्हणजे आजवरच्या क्लिकचा आकडा, एकदाही पाहिला नव्हता.

शेजारी आपल्याच धंद्यातला एक जण उभा होता. सीझनमध्ये आम्ही एकमेकांचे दर पाडतो, हे लपवून काय उपयोग. त्याने गळ्यातली दुसरी बॉडी काढली. माझी लेन्स त्याला बसत नव्हती, तर लेन्ससकट दिली. "घे बापा, संध्याकाळी आणून दे." हे मी विसरणार नाही. पण तोवर आमचा बडग्या गर्दीत पुढे निघून गेला होता.

सीताबर्डीच्या दुकानात शटर बदलायला टाकलं. पार्ट बाहेरून येतो, तीन आठवडे लागले. म्हणून कळकळीने सांगतो, तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होतो, त्याआधी, आत्ताच, काउंट तपासा. सगळ्या कॅमेऱ्यांत तो मेनूत दिसत नाही, दुकानदाराकडून काढून घ्या. भर उन्हात १/४००० ला कोऱ्या भिंतीचे दहा फोटो काढून बघा. आणि दुसरी बॉडी भाड्याने घ्यावी लागली तर तो खर्च कोटेशनमध्ये उघड लिहा. नवरीचा बाप समजूतदार असतो, त्याला कारण सांगितलं तर तो ऐकतो. आपणच सांगायला लाजतो.

पोरं संध्याकाळी दारात आली होती. "काका, आपला बडग्या आला ना जी फोटोत?" त्या अर्ध्या काळ्या फ्रेममध्ये बडग्याचा एक डोळा आणि बांबूचं टोक आलंय, बाकी काही नाही. तेवढंच दाखवलं.

त्या दिवशी नेहरू पुतळ्यापाशी कुणी फोटो काढले असतील, फोनवरचे का असेनात, आणि त्यात प्लेटांच्या डोळ्यांचा खड्डेवाला बडग्या दिसत असेल, तर मला पाठवा. पोरांना द्यायचा आहे.