पाय लावल्यानं नेम येत नाही

सोयाबीन निघून हरभरा वर यायला लागला की आमच्याकडं रानडुकरांचा आणि रोह्यांचा विषय निघतोच. या हंगामात त्यासोबत एक मेसेजही फिरायलाय. आधी अंबाजोगाईच्या पाहुण्यानं पाठवला, मग लातूरच्या साडूनं, मग गावातल्या तीन ग्रुपांवर आला. शेवटी पुतण्या मोबाइल घेऊन ओट्यावर आला, "काका, मागवू का?" मी म्हटलं, "कामून?" तर त्यानं वाचून दाखवलं:

"शेतकरी बांधवांनो, जागल बंद करा. बंदुकीला बायपॉड लावा, 300 मीटरवरचं डुक्कर एका गोळीत. पाय जितके उंच तितकं चांगलं. नळीला आवळायचा साधा बायपॉड पुरतो. ट्रायपॉड असेल तर झोपायचंही काम नाही, उभ्यानं मारा. एअरगनलाही चालतो. आपल्या रानात परवानगी लागत नाही."

खाली एका परदेशी शिकाऱ्याचा व्हिडिओ जोडलेला. मी फौजेत सतरा वर्षं काढली, त्यातली बरीच एलएमजीच्या, म्हणजे हलक्या मशीनगनच्या मागं पालथं पडून गेली. तिला बायपॉड, म्हणजे नळीखालचे दोन पाय, असतातच. म्हणून यातलं एकेक वाक्य घेतो.

"बायपॉड लावा, 300 मीटरवरचं डुक्कर एका गोळीत." आधी विचारा, बंदूक कोणती? पीक संरक्षणाच्या परवान्यावर आपल्याकडं असते ती ठासणीची, नाहीतर बारा बोअर. दोन्हींची नळी आतून गुळगुळीत. छऱ्याचा भरवसा 35-40 मीटरपर्यंत. तिला सोन्याचे पाय लावले तरी छरा तिथंच पसरणार. एखाद्याकडं .315 रायफल असते, पण तिच्यावर बहुधा दुर्बीण नसते, उघडी माशीच असते, म्हणजे नळीच्या टोकावरचं नेम धरायचं पातं. माशीचं पातं 2 मिलिमीटर जाड आणि डोळ्यापासून 80 सेंटिमीटरवर धरा. 300 मीटरवर ते पातं 75 सेंटिमीटर झाकतं. म्हणजे डुकराचं अख्खं खांद्यापासून खुरापर्यंतचं अंग पात्याआड जातं, आणि गोळी लागायला हवी ती वीतभर जागेत. व्हिडिओतल्या माणसाकडं महागडी दुर्बीण आहे, अंतर मोजायचं यंत्र आहे, आणि शेजारी वारा सांगणारा सोबती बसलाय. पाय तेवढे आपल्याला दिसले.

बायपॉड एकच काम करतो, बंदुकीच्या पुढच्या भागाचं वजन हातावरून जमिनीवर घेतो. मागचा खांद्याला लावायचा दस्ता, श्वास, घोड्यावरचं बोट आणि वारा तुमच्याकडंच राहतात. .308 सारख्या रायफलीची गोळी 500 मीटरवर ताशी 16 किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यानं अर्ध्या मीटरपेक्षा जास्त सरकते. पाय दोन असोत की तीन, तिला काय त्याचं!

आणि पाय लावून मागचा दस्ता मोकळा सोडला तर नेम उलट बिघडतो. आम्हाला शिकवलं होतं की खांद्यानं बंदूक किंचित पुढं रेटायची, म्हणजे पायांतली ढिलाई निघून जाते. डाव्या हाताची मूठ दस्त्याखाली. मूठ आवळली की माशी खाली, सोडली की वर. आजकाल तिथं वाळूची छोटी पिशवी ठेवतात. जुन्या पायमोज्यात ज्वारी भरून गाठ मारली तरी तेच काम होतं. माझा अनुभव असा की पुढं महागडा बायपॉड आणि मागं काहीच नाही, यापेक्षा पुढं पोत्याची वळकटी आणि मागं हा मोजा बरा. टेकायचं ते मऊवर. दगडावर किंवा सिमेंटच्या कठड्यावर पाय टेकले की गोळी सुटताना बंदूक उडी मारते.

"पाय जितके उंच तितकं चांगलं." अगदी उलट आहे. पाय लांब केला की लवतो, सांधा हलतो. नियम सोपा आहे. समोरचं दिसेल एवढीच उंची, त्यावर बोटभरही नाही. अमेरिकेतल्या हॅरिसचा स्प्रिंगवाला बायपॉड बघा. त्याचं झोपून मारायचं माप 6 ते 9 इंच आहे, बसून मारायचं साडेतेरा ते 27 इंच. दुसरा घेणारे बहुतेक लोक तो पूर्ण ताणतात आणि मग थरथरतो म्हणून कंपनीला शिव्या घालतात.

आता हे आपल्या रानात आणा. तुरीत किंवा कपाशीत पालथं पडलात तर 9 इंचांवरून खोडं आणि ढेकळं दिसतील, डुक्कर नाही. म्हणजे आखूड पाय उपयोगाचे नाहीत आणि लांब हलतात. व्हिडिओतली जमीन डोंगरउताराची आहे, गवत गुडघ्याखाली, समोर दरी. तिथं पालथं पडून पलीकडची धार दिसते. आपल्याकडं बालाघाटाचा उतार सोडला तर असं कुठं मिळायचं? शिवाय काळी माती. कोरडी असली की तिच्या भेगेत एक पाय जातो आणि बंदूक तिरकी होते. ओली असली की रबरी बुडाला चिकटून प्रत्येक पायाचा गोळा होतो. लोखंडी टोकाचे पाय मातीत बरे, पण खडकावर घसरतात.

तिरकी होण्याला लोक हसण्यावारी नेतात. 500 मीटरला .308 ची गोळी नळीच्या रेषेपासून दोन मीटरपेक्षा जास्त खाली येते. ती भरून काढायला नळी वर रोखलेली असते, आणि बंदूक 5 अंश कलली तर त्या उंचीतला हिस्सा बाजूला जातो. गोळी साधारण 20 सेंटिमीटर आडवी पडते. 5 अंश म्हणजे घड्याळात एका मिनिटाइतकंही नाही. म्हणून बायपॉड घ्यायचाच तर डावीउजवीकडं झुकणारा आणि झुकलेला आवळता येणारा घ्यावा. उंचीपेक्षा हे जास्त महत्त्वाचं.

"नळीला आवळायचा पुरतो." नाही पुरत. नळी गोळीसोबत थरथरते, तिच्यावर जोर पडला की गोळीची जागा बदलते. टेकू लाकडाला किंवा पुढच्या पट्ट्याच्या कडीला लावायचा असतो.

"ट्रायपॉड असेल तर उभ्यानं मारा." या वाक्यात अर्धं खरं आहे, म्हणून ते जास्त फसवतं. उंच पिकात तीन पायांवर दिसतं, हे खरं. पण पालथ्या माणसाचं पोट, कोपर, मांड्या सगळं जमिनीला टेकलेलं असतं. उभा माणूस दोन तळव्यांवर असतो, आणि तिवईवर बंदुकीचा फक्त मध्यभाग टेकलेला. दस्ता हवेत. माणूस श्वास घेतो, नाडी उडते, ते सगळं मागून आत शिरतं. आफ्रिकेतले शिकारी तीन काठ्या बांधून वापरतात, पण त्या बहुतेक शंभर-दीडशे मीटरच्या आतल्या नेमासाठी. डोंगरात ट्रायपॉड वाहून नेणारे तो मुख्यतः दुर्बिणीसाठी नेतात. तासन् तास जनावर शोधायचं असतं, बंदूक त्यावर शेवटी चढते.

कोणी नेमबाजीच्या मैदानासाठी ट्रायपॉड घेत असेल तर त्याला एवढं सांगेन. मधला खांब वर काढू नका. तो काढला की तीन पायांची तिवई एका काठीवर आली. जाड नळ्या आधी उघडा, खालच्या बारीक सगळ्यात शेवटी. एक पाय निशाणाकडं, दोन आपल्याकडं, आणि अंग थोडं पुढं टाकून उभं राहा. फोटोच्या ट्रायपॉडचा गोल डोक्याचा सांधा चार-पाच किलोची रायफल ठेवली की हळूहळू मान टाकतो, तेव्हा पेलेल असा घ्या. शक्य असेल तर बसा. बसून दोन्ही कोपरं मांड्यांवर आली की निम्मी थरथर जाते.

पुतण्याला हे पटेना. त्याच्याकडं मोबाइलचा ट्रायपॉड होता, त्यावर माझी जुनी दुर्बीण कशीबशी बांधली आणि म्हटलं, वेशीवरचा विजेचा खांब बघ, हात लावून, श्वास चालू ठेवून. दोन मिनिटं बघत राहिला. "खांब हलायलाय की, काका."

"एअरगनलाही चालतो." बिनपरवाना मिळणारी एअरगन .177 इंच नळीची, 20 ज्युलच्या आतल्या ताकदीची. तिनं डुक्कर मरत नाही, जखमी होतं, आणि जखमी डुक्कर कोणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही. दुसरं असं की त्यातल्या बऱ्याच स्प्रिंगच्या असतात. छर्रा नळीत असतानाच आतला दट्ट्या धावतो आणि बंदूक मागंपुढं हलते. तिला घट्ट टेकू दिला की छर्रे विखुरतात. उघड्या तळव्यावर सैल ठेवली तर एका जागी जातात. बायपॉडनं तिचं नुकसानच होतं.

इथं एक आठवलं. 2024 ला पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं. गुडघ्यावर, झोपून, उभ्यानं, तिन्हीत कुठंही बायपॉड चालत नाही. पहिल्या दोन्हींत दंडाला पट्टा आवळता येतो, उभ्यानं तोही नाही. आणि निशाणाचं दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं.

"आपल्या रानात परवानगी लागत नाही." लागते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे, आणि रान कोणाच्या नावावर आहे हे तो विचारत नाही. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरासाठी कलम 11 खाली वन खात्याचा लेखी आदेश लागतो, आणि मारलेलं जनावर सरकारचं होतं. काळवीट तर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात आहे. रात्री टॉर्चच्या उजेडात चमकलेल्या दोन डोळ्यांवरून ते कशाचे, हे तुम्हाला कळतं का?

त्याहून मोठी गोष्ट गोळी पुढं कुठं जाते ही. साध्या .22 ची गोळीसुद्धा दीड किलोमीटर जाऊ शकते, .315 ची त्याच्या पलीकडं. आपलं रान सपाट, मागं डोंगर नाही की गोळी अडावी. आणि आपल्याकडं शेतीची वीज किती वेळा रात्रीच येते. हरभऱ्याला पाणी द्यायला शेजारचा दारं धरून वाकलेला असतो, बॅटरी बंद करून.

पुतण्यानं ट्रायपॉड मागवला नाही. वन खात्याकडं नुकसानीचा अर्ज लिहायला बसलाय, पंचनाम्यासाठी सातबारा आणि फोटो जोडायचेत. हरभऱ्यातले खुरांचे ठसे मोबाइलमध्ये नीट येईनात म्हणून तो छोटा ट्रायपॉड घेऊन सकाळी रानात गेला होता.